घाटाखालचा मुक्काम

धारवाड हे गाव सह्याद्रीच्या पूर्वेकडील पायरीवर, जेथे मलनाडाची झाडी विरळ होत जाते आणि काळ्या मातीचा सपाट मुलूख सुरू होतो अशा संधीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे, येथल्या माणसाच्या मनात समुद्राविषयी जी ओढ असते ती मुंबईकराच्या किंवा रत्नागिरीकराच्या ओढीहून वेगळ्या जातीची असते. त्याला समुद्र रोज दिसत नाही. परंतु मृगाच्या सरी पश्चिमेकडून येऊ लागल्या की त्या कोठून आल्या हे त्याला ठाऊक असते, बाजारात बांगडा, नारळ आणि अंकोल्याचा इशाड आंबा येतो तो कोणत्या घाटाने चढून आला हेही ठाऊक असते, आणि चार दिवसांची सवड मिळण्याचा संभव दिसला की हुबळी-धारवाडच्या घरोघरी ‘घाटाखाली जाऊन यावे’ हा विषय निघतो.

विषय वरवर पाहता लहान. दोन रात्रींचा मुक्काम, थोडे सामान, गाडीभाडे आणि जेवणखाण यांचा हिशेब, की झाले. मला मात्र तो लहान वाटत नाही. वर्षभराच्या चाकरीतून माणसाच्या वाट्याला येणारे मोकळे दिवस इतके मोजके असतात की ते कोठे आणि कसे वेचावेत याचा निर्णय करताना, आपल्याला एकंदरीतच कशाची किंमत वाटते, याचाही निर्णय नकळत होऊन जातो. आणि म्हणूनच आमच्या माळमड्डीच्या घरी यंदा पावसाच्या तोंडी या बाबतीत जो वाद झाला तो, दोन्ही पक्ष मनापासून मांडले गेल्यामुळे, येथे नोंदवून ठेवावासा वाटतो.

एक पक्ष माझ्या थोरल्या बंधूंचा. दादा महसूल खात्यात होते, आणि नोकरीची उमेदीची वर्षे त्यांनी कारवारच्या कचेरीत जमाबंदीच्या आणि हद्दीच्या कागदांत काढली. त्या किनाऱ्यावर असे गाव थोडेच असेल की ज्याची पाणंद किंवा ज्याचा बांध त्यांना माहीत नाही. दुसरा पक्ष आमच्या भाचीचा. ती हुबळीत बँकेत नोकरीला आहे, विद्यानगरात आईबरोबर, म्हणजे आमच्या ताईबरोबर, राहते, आणि वडिलांच्या पश्चात घरातले औषधपाण्यापासून घरपट्टीपर्यंत सारे तीच पाहते. पौष महिन्यात आईला घेऊन घाटाखाली जावे, आम्हा दोघा मामांनाही बरोबर न्यावे, असे तिच्या मनात होते, आणि त्याची तजवीज सहा महिने आधी करण्यासाठी ती एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊनच आली होती.

कागदावर तिने सारा बेत मांडून आणला होता. पहिल्या दिवशी दुपारी हुबळी सोडून कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट या वाटेने अंकोल्याला उतरायचे आणि रात्री गोकर्ण गाठायचे; दुसऱ्या दिवशी सकाळी गोकर्णातच, दुपारी कुडले आणि ओम् हे किनारे, संध्याकाळी साणीकट्ट्याची मिठागरे; तिसऱ्या दिवशी पहाटे निघून मिरजानचा किल्ला, होन्नावरला शरावतीच्या खाडीत होडी, पुढे मुरुडेश्वर, आणि रात्री उशिरा घर.

दादांनी कागद वाचला आणि शांतपणे परत दिला. “बाळ, यात तू रस्ता पुष्कळ पाहशील. गावे पाहणार नाहीस. आम्ही फिरतीवर जात असू तेव्हा मामलेदारदेखील एका चावडीत याहून जास्त वेळ बसत असत.”

“मग तुम्ही सांगा, मामा. किती ठिकाणे काढू?”

“सगळी. एकच गाव ठेव, कारवार. पौषी पौर्णिमेला कूर्मगडाच्या बेटावर नरसिंहाची जत्रा भरते, किनाऱ्यावरची माणसे होड्यांत बसून केळ्यांचे घड वाहायला जातात, ती गाठू. बाकीचा वेळ कशाचाही बेत न करता तेथे राहू. समुद्राकाठच्या गावाचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवीत असते. आपण वरून दुसरे वेळापत्रक घेऊन गेलो तर दोहोंचा मेळ बसत नाही.”

“पौर्णिमेला जमणार नाही,” भाची म्हणाली. “मला वद्य पंचमीच्या सुमाराचे दिवस हवेत.” कारण तिने त्या वेळी सांगितले नाही, आणि दादांनी विचारले नाही.

येथून वाद खरा सुरू झाला. दादांनी कारवारची बाजू घेतली ती केवळ जुन्या नोकरीच्या ममत्वाने घेतली असे कोणी समजू नये. त्यांच्या म्हणण्याच्या मुळाशी एक विचार होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे, की हुबळी-धारवाड आणि कारवार-कुमठा ही आज दोन वेगळ्या जिल्ह्यांतली, वेगळ्या हवेची आणि वेगळ्या जेवणाची गावे वाटत असली तरी कित्येक शतके ती एकाच व्यवहाराची दोन ठाणी होती, आणि तो व्यवहार ध्यानात घेतल्यावाचून जो वरचा माणूस खाली जातो त्याला समुद्र दिसतो, किनारा दिसत नाही.

“इंग्रजांनी कारवारला वखार घातली ती १६३८ च्या सुमारास,” ते म्हणाले. “कशासाठी? मिरी होती, ते एक झाले. पण तलम कापडही हवे होते, आणि ते कापड कोठून येत असे? आपल्या हुबळीच्या पेठेतून. १६७३ मध्ये अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली तेव्हा नुकसानभरपाईची तक्रार घेऊन इंग्रज शिवाजी महाराजांच्या दरबारी खेटे घालीत राहिले, कारण हुबळीत त्यांचाच माल पडलेला होता. त्याआधी आठ वर्षे, १६६५ मध्ये, महाराज स्वतः बसरूरच्या आरमारी मोहिमेवरून परतताना गोकर्णाला तीर्थस्नान करून अंकोल्यावरून कारवारला आले, तेव्हा गावावर बसवलेल्या खंडणीत वखारवाल्यांनाही आपला वाटा भरावा लागला. हे सारे ज्या वाटांवर घडले त्यांच्याच आसपास तू गाडी पळवणार आहेस.”

पुढची कथा तर आमच्या शेतांचीच आहे. १८४० नंतरच्या दशकात धारवाड जिल्ह्यात अमेरिकन सरकीची लागवड सरकारी प्रोत्साहनाने सुरू झाली. ‘धारवाड-अमेरिकन’ हा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत नावाजला, आणि येथला जुना गावरान कापूस ज्या बंदरातून जहाजावर चढे त्या बंदराच्या नावाने, ‘कुमठा’ म्हणून, बाजारात ओळखला जाऊ लागला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून येणारा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धारवाडच्या कापसासाठी जवळचे, सुरक्षित बंदर तातडीने हवेसे वाटू लागले. उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून १८६२ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला तो मुख्यतः याच निकडीमुळे; कारवारचे नवे गाव, बंदर, कचेऱ्या उभ्या राहिल्या त्याही याच लाटेवर. लाट लवकरच ओसरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. आणि १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची पोर्तुगीज हद्दीतली आगगाडी सदर्न मराठा रेल्वेला येऊन मिळाली, तेव्हा धारवाडचा माल बैलगाडीच्या घाटाकडे पाठ फिरवून आगगाडीच्या घाटाने उतरू लागला. कारवारला जी आगगाडी मिळायची ती मिळालीच नाही. कोकण रेल्वे आली ती १९९८ मध्ये, आणि तीही किनाऱ्याला समांतर. हुबळी-अंकोला लोहमार्गाचा विषय तर अजून कागद, अरण्य आणि न्यायालय यांच्यामध्ये फिरतो आहे.

भाचीने हे सारे लक्षपूर्वक ऐकले. ती इतिहासाला कंटाळणारी मुलगी नव्हे. पण तिचा प्रश्न नेमका होता, आणि मला तो डावलण्यासारखा वाटला नाही.

“मामा, हे मी इथे बसून ऐकू शकते, वाचू शकते. तुमच्याकडे गॅझेटियरचा कानडा जिल्ह्याचा खंड आहेच. पण तुम्ही ज्या कारवारविषयी बोलता ते आज तिथे किती उरले आहे? सी-बर्ड प्रकल्पासाठी बिणगा, अर्गा या बाजूची गावे उठली, किनारा आरमाराकडे गेला. काळी नदीवरचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत कोसळला. गावातल्या किनाऱ्याला लागून हमरस्ता जातो. तुम्ही तुमचे तरुणपण पाहायला जाणार, आणि आम्ही तिघांनी तुमच्या मागून चालायचे. आम्हालाही आमचे काही पाहू द्या.”

दादा थोडे थांबून म्हणाले, “उठलेली गावे मी कागदावर पाहिलेली आहेत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून, आम्ही तिकडे ज्याला पहाणीपत्रक म्हणतो त्यावरून, एकेका कुळाचे नाव कमी होताना पाहिले आहे. देशाला आरमाराचा तळ हवा, हे मला मान्य आहे. पण ज्या किनाऱ्याने इतके दिले त्याच्याकडे आपण केवळ पोहण्यासाठी आणि छायाचित्रासाठी जावे, हे मला बरे वाटत नाही. रवींद्रनाथ ठाकूर ऐन बाविशीत कारवारला आले, वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश होते म्हणून. ते त्या अर्धचंद्राकार किनाऱ्यावर राहिले. एका चांदण्या रात्री काळी नदीतून होडीने फिरून परतताना वाळूवरून पायी घरी आले. आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक तेथे लिहिले. मुरुडेश्वर झाले की होन्नावर, होन्नावर झाले की गोकर्ण, अशी धावपळ केली असती तर हे घडले असते का?”

“ते न्यायाधीशांच्या बंगल्यात राहत होते,” भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, केवळ वस्तुस्थिती होती. “जेवण कोण रांधते, अंथरूण कोण घालते, हे त्यांना पाहावे लागत नव्हते. तुम्ही म्हणता, कशाचाही बेत न करता राहू. बेत कोणीतरी करतेच, मामा. तुम्ही केला नाही तर आई करील, किंवा मी करीन. फक्त तो आयत्या वेळी, धावपळीत करावा लागेल. आईला दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. तिला तळमजल्यावरची खोली हवी, खुर्चीसारखा संडास हवा, यल्लापुरात पाच मिनिटे उतरून पाय मोकळे करायला स्वच्छ जागा हवी. पौषात गोकर्णात परगावचे लोक इतके येतात की खोली आधी घेतली नाही तर दारोदार हिंडावे लागते. तुम्ही म्हणाल, एखाद्या ओळखीच्या घरी उतरू. त्या घरच्या बाईला आपण चौघे अचानक गेल्यावर काय होते, हे कधी तिच्या बाजूने पाहिले आहे का?”

मी या ठिकाणी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे, आणि तसे मी तेव्हाही बोललो. आपल्याकडच्या प्रवासाच्या रम्य आठवणींत ‘सहज निघालो, सहज पोचलो’ असे जे पुरुष सांगतात, त्या सहजपणाचा भार कोणत्या तरी स्त्रीने डब्याच्या, पांघरुणाच्या आणि औषधाच्या रूपाने उचललेला असतो. योजना हा प्रवासातील रसाचा शत्रू मानण्याची जी प्रवृत्ती आहे तिच्यात हा एक न पाहिलेला अन्याय आहे.

ऋतूविषयीचा वाद लवकर मिटला. दादांना मनातून श्रावणातच जायचे होते. धारवाडला वर्षाकाठी जेमतेम आठशे मिलिमीटर पाऊस, आणि कारवारला त्याच्या तिप्पट-चौपट. तो अखंड, उभा, समुद्रावरून चालत येणारा पाऊस एकदा पुन्हा पाहावा ही त्यांची इच्छा मला समजते. पण भाचीने शिरूरचे नाव घेतले. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे डोंगराचा कडा हमरस्त्यावर उतरला. रस्त्याकडेचे चहाचे दुकान, थांबलेली वाहने, माणसे मातीखाली गेली, आणि मातीचा लोंढा शेजारच्या गंगावळी नदीत जाऊन पडला. रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा उभा कापल्यावर असा पाऊस काय करू शकतो ते त्या दिवशी दिसले. शिवाय जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, समुद्र खवळलेला, मिठागरे पाण्याखाली. दादांनी श्रावणाचा आग्रह सोडला.

गंगावळीचे नाव निघाले म्हणून मी एक गोष्ट पुढे केली, जी या वादाला पुढे वळण देणारी ठरली. धारवाडच्या नैर्ऋत्येला, कलघटगी रस्त्याकडे, सोमेश्वराचे जुने देवालय आहे. तेथे शाल्मला उगम पावते. (शिरसीकडे सोंद्याजवळ जिच्या पात्रात सहस्रलिंगे कोरलेली आहेत ती शाल्मला निराळी.) आमची ही शाल्मला उगमाशी इतकी लहान आहे की उन्हाळ्यात ती ओलांडताना पाय भिजेलच असे नाही. तीच पुढे बेडतीला मिळते, बेडती यल्लापूरच्या अरण्यात मागोडच्या कड्यावरून खाली झेप घेते, आणि घाटाखाली गंगावळी हे नाव धारण करून गोकर्णाच्या उत्तरेस, गंगावळी याच नावाच्या गावाजवळ, समुद्राला मिळते. धारवाड जलविभाजकावर आहे. गावाच्या पूर्वेकडचे पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि अखेरीस बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेकडचे पाणी थोडक्या अंतरात अंकोल्याच्या किनाऱ्याला पोचते. अंकोल्याकडे उतरणारा हमरस्ताही बराचसा याच पाण्याच्या सोबतीने जातो.

“म्हणजे आपण जायचे ते आपल्याच पाण्याच्या मागून,” भाची म्हणाली, आणि तिने कागदावर गंगावळीच्या मुखाशी एक वर्तुळ काढले.

दादा म्हणाले, “मग तर ठिकाणे कमी करण्याला आणखी एक कारण झाले. त्या मुखाशी अर्धा दिवस बस. ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो, भरतीला पाणी आत वर चढते. हे अर्ध्या तासात दिसत नाही. निदान एक ओहोटी आणि एक भरती पाहावी लागते.”

“आणि साणीकट्टा?”

“साणीकट्टा ठेव. तो मला मान्य आहे,” दादा म्हणाले, आणि येथे त्यांचा स्वर बदलला. मीठ हा त्यांच्या खात्याच्या जुन्या जिव्हाळ्याचा विषय. अघनाशिनीच्या खाडीतले पाणी भरतीच्या वेळी पाटाने आत घ्यायचे, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने दाट करायचे, आणि शेवटच्या वाफ्यात, ज्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट आणि गुळगुळीत केलेली असते तेथे, मिठाचे दाणे धरू लागले की लांब दांड्याच्या फळीने ते कडेला ओढून रास करायची, हे सारे त्यांनी सांगितले. काम पौष-माघात सुरू होते आणि पहिल्या वळवाने थांबते. १९३० च्या एप्रिलात अंकोल्याच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला गेला तेव्हा मूठभर मीठ लिलावात विकत घ्यायला माणसे पुढे आली, कारण मीठ कसे होते आणि त्यावर कर कोण बसवतो हे त्या किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक होते. आणि हे मीठ चढून आपल्या बाजारात येत असे. वरून कापूस उतरायचा, खालून मीठ चढायचे.

“तुम्हाला कारवारमध्ये नेमके काय पाहायचे आहे, मामा?” भाचीने विचारले. “सगळे कारवार नव्हे. एक गोष्ट सांगा.”

दादांनी विचार करायला वेळ घेतला. मग ते म्हणाले, “रापण.” आणि त्यांनी ती आमच्यासमोर उभी केली. होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढून येते, आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, एकमेकांपासून पुष्कळ अंतरावर, दोन रांगांच्या हाती दिले जातात. प्रत्येकाच्या कमरेला एक पट्टा असतो. तो दोराला अडकवून माणूस पाठमोरा, टाचा वाळूत रोवीत, मागे मागे जातो. रांगेच्या शेवटी पोचला की पट्टा सोडवून पुन्हा पाण्याच्या काठाशी येतो आणि नव्याने दोर धरतो. म्हातारे, पोरे, वाटसरू, कोणीही दोराला हात लावला तर त्याला वाट्यात चार मासे मिळतात. दोन रांगा हळूहळू जवळ येतात, जाळ्याची मधली खोळ उथळ पाण्यात शिरते, आणि बांगड्यांच्या थव्याने तेथले पाणी उकळत्या आधणासारखे होते. गेल्या शतकाच्या सत्तरीत पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक होड्या आल्या, त्या थव्याला किनाऱ्याजवळ येण्याआधीच गाठू लागल्या, आणि रापणींचे दिवस कमी होत गेले. “कारवारला नोकरीत असताना मी कित्येकदा कचेरीच्या आधी जाऊन तो दोर धरला आहे,” दादा म्हणाले. “आता मला ओढवणार नाही. पण अजून कोणी ओढत असेल तर पाहावे असे वाटते.”

यावर भाची काही बोलली नाही. तिने कागद उलटा करून कोऱ्या बाजूला नव्याने लिहायला घेतले. मुरुडेश्वर तिने लिहिले नाही. मिरजान आणि होन्नावरही लिहिले नाही. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि इतका वेळ न सांगितलेले कारण सांगितले. पौष वद्य पंचमी ही तिच्या वडिलांची तिथी. एकदा तरी ते कार्य गोकर्णाला, कोटितीर्थावर व्हावे, अशी आईची इच्छा आहे. नव्या संसारात असताना ती दोघे तेथल्या महाबळेश्वराच्या दर्शनाला गेली होती, आणि पुन्हा जाऊ जाऊ म्हणता राहून गेले. पुढच्या वर्षी आईला पायऱ्या चढता-उतरता येतील की नाही, कोणी सांगावे. यादीत इतकी ठिकाणे घातली होती तीही याच भयाने, की आईला पुन्हा येता आले नाही तर पाहायचे काही राहायला नको.

दादा उठून तिच्या शेजारी येऊन बसले. “हे आधी का सांगितले नाहीस?”

“सांगितले असते तर तुम्ही वाद घातला नसता,” ती म्हणाली. “आणि मला तुमचे म्हणणे ऐकायचे होते.”

मला वाटते, थोड्या दिवसांच्या प्रवासाच्या बाबतीत खरा प्रश्न येथे होता, आणि दोघेही त्याच्याकडे दोन बाजूंनी येत होते. ज्याला पुन्हा येण्याची खात्री आहे तो थोडे पाहून समाधान मानू शकतो; ज्याला ती नाही त्याने सारे पाहण्याची हाव धरली तर तिला उथळपणा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. तथापि माझे मत, आणि ते मी आग्रहाने मांडतो, असे आहे की पुन्हा येणे अनिश्चित असेल तेव्हाच एका जागी बसण्याची गरज अधिक असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला एका दिवसात तीन ठिकाणी गाडीतून उतरवून-चढवून तिच्या पदरात काय पडणार? पडतो तो शीण. त्यापेक्षा कोटितीर्थाच्या पायरीवर, आणि नंतर नदीच्या मुखाशी सावलीत, तिला हवा तितका वेळ मिळाला तर तो तिचा स्वतःचा वेळ होईल. हे मी भाचीला सांगितले. तिने मान हलवली, पण पूर्ण मान्य केले असे मला वाटत नाही. आणि तिने ते करावेच असेही नाही.

त्यानंतरचे काम मात्र तिघांनी मिळून केले, आणि त्यात दादांचे खात्यातले वळण फार उपयोगी पडले. तिथीच्या दिवशी सकाळचा सगळा वेळ कार्याला. उपाध्यांकडे दोन महिने आधी पत्राने आणि मग फोनने वर्दी द्यायची, कारण गोकर्णाच्या उपाध्यांच्या घरी यजमानांच्या जेवणाची सोय होते, पण पाने किती ते त्यांना आधी कळले पाहिजे. दुपारी विश्रांती. उन्हे उतरल्यावर गंगावळीचे मुख. त्या दिवशीची ओहोटी किती वाजता, ते भाचीने पंचांगाशेजारी भरतीचे कोष्टक ठेवून पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरे, आणि मग उत्तरेला कारवारचा रस्ता. रात्रीचा मुक्काम कारवारात, तळमजल्यावर. रापण भल्या पहाटे असते, तेव्हा ताईला झोपू द्यायचे आणि मी दादांबरोबर किनाऱ्यावर जायचे. बैतखोलच्या बंदरावर कोळणी मासळी घेऊन बसतात तेथे भाचीला जायचे आहे. इसवणाची तुकडी कशी निवडावी हे तिला त्यांच्याकडूनच शिकायचे आहे.

परतीचा रस्ता अजून ठरलेला नाही. दादांचे म्हणणे, कारवारहून मडगावला जाऊन तेथून आगगाडीने कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा या जुन्या मार्गाने धारवाडला यावे. १९६१ पूर्वी कॅसलरॉकला जकातीसाठी पेट्या उघडून दाखवाव्या लागत, ते त्यांनी लहानपणी पाहिलेले आहे, आणि सदतिसास एक अशा त्या चढणीवर गाडीला मागून जोडलेली इंजिने अजून ढकलत असतात, ते ताईला खिडकीशी बसून, गुडघ्यांना कष्ट न देता पाहता येईल. भाचीचे म्हणणे, ती गाडी रोज नसते, मडगावच्या स्थानकावर जिने चढावे लागतील, आणि तिची रजा सोमवारी संपते. दादांनी वेळापत्रक मागवले आहे. भाचीने मडगाव स्थानकावर उद्वाहक कोणत्या फलाटावर आहे याची चौकशी करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे, आणि ती झाल्यावर या बाबतीत पुढचा विचार करायचा असे ठरले आहे.